झटका मोठा म्हणून धोका मोठा, असं नसतं

गारगोटीजवळच्या एका गावातून एका आईने विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "मुलगा साडेतीन वर्षांचा. अकराव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, दोन-तीन मिनिटांची. दीड वर्षाचा असताना दुसरी, तशीच. दोन वर्षांचा झाल्यावर तिसरी आली, ती मात्र कोल्हापूरच्या वाटेवर गाडीतच चालू होती, पंचवीस मिनिटं तरी. उजवी बाजू जास्त उडत होती आणि संध्याकाळपर्यंत उजवा हात लुळा होता. तेव्हापासून फिनोबार्बिटोन चालू आहे, फिट आलेली नाही. पण आता तो एका जागी बसत नाही, चावतो, बहिणीला मारतो, रात्री तीन-तीनदा उठतो. बोलणं दोन शब्दांच्या पुढे गेलेलं नाही. घरचे म्हणतात, फिटनं मेंदू गेला. खरंच तसं असतं का? शाळेत काय होईल याचं?"

ताई, मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात लहान मुलांच्या मेंदूचे आजार बघते आहे. तुम्ही जे लिहिलंत त्यात "मेंदू गेला" असं म्हणावं असं मला काही दिसत नाही. पण "काही नाही, होईल बोलायला" असं म्हणून तुम्हाला परतही पाठवणार नाही. तुमच्या पत्रात चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: पहिल्या दोन फिट, तिसरी फिट, औषध आणि घरातली भीती. त्या सुट्या केल्या तरच मुलाला काय होतंय ते कळेल.

पहिल्या दोन फिटचं आधी बोलू, कारण तिथे माझ्याकडे स्पष्ट उत्तर आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. डोळे फिरतात, दातखिळी बसते, अंग ताठ होऊन उडायला लागतं, ओठ निळे पडतात. आईला वाटतं पोर हातातून गेलं. इतकं भयंकर दृश्य पाहिल्यावर "याने काही होत नाही" यावर विश्वास बसणं अवघडच आहे. पण हे आम्ही नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. अमेरिकेत तापात फिट आलेल्या मुलांची सातव्या वर्षी बुद्धिमत्तेची चाचणी घेतली आणि ती त्यांच्याच घरातल्या, कधीही फिट न आलेल्या भावंडांशी ताडून पाहिली. फरक निघाला नाही. घर तेच, आईबाप तेच, जेवण तेच, म्हणून ही तुलना मला फार मोलाची वाटते. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७० च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यातली तापाच्या फिट आलेली मुलं दहाव्या वर्षी अभ्यासात आणि वागण्यात इतरांसारखीच होती.

पुन्हा फिट आली म्हणून स्वतःला दोष देत असाल तर तेही सोडा. पहिली फिट वर्षाच्या आत आली असेल तर जवळजवळ निम्म्या मुलांना ती पुन्हा येतेच. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण त्याने फिट हमखास टळत नाही. "वेळेवर तापाचं औषध दिलं असतंस तर" हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर ते खोटं आहे.

मग लहान वयातल्या फिटने मेंदूचं नुकसान होतं, हे आलं कुठून? तेही खरंच आहे, पण वेगळ्या फिटबद्दल. आपल्याकडे उसाला पाणी पाजताना काय करतात ते तुम्ही पाहिलंय. नवीन रान असेल तर पाणी जिथून वारंवार जातं तिथे पाट पडतो, जिथून जात नाही ती सरी बुजते. बाळाच्या मेंदूत पहिली दोन-तीन वर्षं हेच चालू असतं. लागतात त्याहून कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात, वापरातल्या पक्क्या होतात, बाकीच्या छाटल्या जातात. त्यात आणखी एक गोष्ट. मोठ्यांच्या मेंदूत गॅबा नावाचं रसायन ब्रेकसारखं काम करतं. नवजात बाळाच्या पेशींमध्ये क्लोराईडचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तेच रसायन तिथे ब्रेक लावायच्या ऐवजी पेशींना उत्तेजित करू शकतं. लहान मेंदू चटकन पेटतो तो यामुळेही. मात्र लहान मेंदूच्या पेशी झटक्याने मरण्याच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा चिवट असतात. म्हणून दोन मिनिटांची तापातली फिट म्हणजे एकदा बांध फुटून पाणी उसळलं आणि लगेच बांध घातला, असं समजा. रानाची मांडणी बदलत नाही. धोका असतो तो रात्रंदिवस चुकीच्या सरीतून झिरपत राहणाऱ्या पाण्याचा. ते झिरपणं बाहेरून फार दिसतसुद्धा नाही.

हे उत्तर तान्ह्या बाळांच्या आयाही वाचतील, म्हणून इथे जरा थांबते. राधानगरीच्या बाजूचं एक बाळ माझ्याकडे नऊ महिन्यांचं असताना आलं. झोपेतून उठलं की मान खाली घालायचं, दोन्ही हात क्षणभर वर घ्यायचं, पुन्हा सैल पडायचं. पाच-सात सेकंदांनी परत तेच. असं ओळीनं वीस-तीस वेळा. आजी म्हणाली, "पोरगं जोतिबाला नमस्कार घालतंय, असं वाटायचं वो आमाला." मधल्या काळात एके ठिकाणी पोटात कळ येते म्हणून थेंब मिळाले होते. तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत बाळ आईकडे बघून हसायचं विसरलं, मान धरायचं विसरलं. एकदाही अंग उडालं नव्हतं, ओठ निळे पडले नव्हते, रात्री-अपरात्री कुणी गाडी काढून धावलं नव्हतं.

या आजाराचं पहिलं वर्णन १८४१ साली विल्यम वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून केलं, आणि ते स्वतःच्या मुलाबद्दल होतं. वाकून सलाम केल्यासारखे झटके, आणि हसरं मूल हळूहळू विझत चाललेलं. आजही हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो. दोन झटक्यांच्या मधल्या वेळातही ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, नुसता गोंधळ दिसतो. हेच ते झिरपणं. एसीटीएच, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन यांनी उपचार होतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं मुलाच्या वाट्याला जास्त येतं. इथे आठवड्यांचा हिशेब असतो. आपल्या देशात याची मोठी कारणं म्हणजे जन्मावेळी गुदमरणं आणि पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरणं. साखर उतरून झालेली इजा बऱ्याचदा डोक्याच्या मागच्या भागात, नजरेचं काम करणाऱ्या मेंदूत होते. म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजा, मधाचं बोट आणि गुळाचं पाणी नको, असं मी प्रत्येक बाळंतिणीच्या आईला सांगते. तुमच्या बाळाने उठता-उठता ओळीनं असे झटके दिले तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "दचकतंय" म्हणून सोडू नका. "नजर लागली" म्हणून देवऋषाकडे आठ दिवस घालवू नका. बिब्ब्याचे डाग घेऊन आलेली पोटं मी अजून पाहते, आणि प्रत्येक वेळी तितकाच त्रास होतो.

आता तुमच्या मुलाच्या तिसऱ्या फिटकडे येऊ. ती साधी नव्हती. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चाललेली, एका बाजूची आणि नंतर हात लुळा पडलेली फिट आम्ही वेगळ्या रकान्यात लिहितो. हात संध्याकाळी पूर्ववत झाला, हे चांगलंच. फिटनंतर थकलेला मेंदूचा भाग काही तास असा बंद राहू शकतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त चाललेल्या तापाच्या फिटनंतर लगेच एमआरआय काढलेल्या मुलांत साधारण दहात एकाच्या मेंदूत, आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, सूज दिसली आहे. याचा अर्थ दहातल्या नऊ जणांत तीही दिसली नाही. तुमच्या मुलाची फिट त्या मर्यादेच्या अलीकडची होती. तरीही फिट एका बाजूची होती आणि बोलणं मागे आहे, म्हणून त्याचा एकदा एमआरआय आणि झोपेतला ईईजी करून घ्यावा असं माझं मत आहे. फक्त पहिल्या दोन फिट असत्या तर यातलं काहीच करू नका म्हटलं असतं.

घरीच एक निरीक्षण करा. खाऊ उजव्या बाजूला ठेवला तर तो उजव्या हाताने घेतो का, की डावा हात आडवा आणतो? पळताना उजवा पाय घासतो का? बोलण्याचं मुख्य काम बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि उजवा हातही तीच बाजू चालवते, म्हणून हे विचारते. घाबरू नका. अगदी जन्मावेळी डाव्या मेंदूला इजा झालेली मुलंही चांगलं बोलायला शिकलेली मी पाहिली आहेत. या वयात उजवी बाजू ते काम अंगावर घेऊ शकते.

आणखी एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला नक्की हवं आहे. तो आधी जास्त बोलत होता आणि नंतर कमी झाला, की पहिल्यापासूनच उशिरा बोलतोय? काही मुलांत झोपेत मेंदूच्या लहरी इतक्या बिघडतात की बोलणारं मूल महिन्या-दोन महिन्यांत गप्प होतं, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं करतं. तसं असेल तर ते तातडीचं. झोपेतल्या ईईजीचा मी आग्रह धरते तो त्यासाठी.

एका आजाराचं नाव तुम्हाला कुणीतरी मोबाईलवर शोधून दाखवलं असेल: ड्रावे. वर्षाच्या आत, तापात किंवा गरम पाण्याच्या अंघोळीतसुद्धा लांबलेल्या, एका बाजूच्या फिट येतात आणि मग बिनतापाच्याही वारंवार येऊ लागतात. मेंदूच्या पेशींत सोडियम सोडणाऱ्या वाहिनीच्या एका जनुकातला दोष त्यामागे बहुतेकदा असतो. तीन फिट, सगळ्या तापात, आणि दीड वर्ष एकही नाही, हे चित्र त्या आजाराचं वाटत नाही. पण बिनतापाची फिट आली तर मला हे पुन्हा तपासावं लागेल, कारण कार्बामाझेपिनसारखी काही नेहमीची औषधं ड्रावेमध्ये फिट वाढवतात. याच आजाराने लसीवरचा एक जुना आरोपही पुसला. लसीमुळे मेंदू बिघडला असं ठरवलेल्या १४ जणांची ऑस्ट्रेलियात जनुकीय तपासणी झाली, तेव्हा ११ जणांत हा दोष जन्मापासूनचा निघाला. लसीनंतरच्या तापाने पहिली फिट दिसली, एवढंच. तुमच्या मुलाची एखादी लस फिटच्या भीतीने राहिली असेल तर ती पूर्ण करा.

आता औषध. तुमचं पत्र वाचताना माझी नजर इथेच अडली. फिनोबार्बिटोन हे जुनं, स्वस्त, सगळीकडे मिळणारं औषध आहे. नवजात बाळांच्या झटक्यांत मी स्वतः ते वापरते, त्याने जीव वाचतात. पण दोन-चार वर्षांच्या मुलाला ते रोज देत राहिलं की बऱ्याच जणांत नेमकं तुम्ही लिहिलंत तेच होतं: मूल एका जागी बसत नाही, चिडतं, चावतं, रात्री झोप मोडते. मोठ्या माणसाला झोप आणणारं औषध लहान मुलाला उलट चाळवतं. १९९० साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. तापाच्या फिट आलेल्या लहान मुलांतल्या निम्म्यांना दोन वर्षं हे औषध दिलं, निम्म्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं दिलं. औषधवाल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला, आणि फिटही काही कमी झाल्या नव्हत्या. म्हणूनच नुसत्या तापाच्या फिटसाठी रोजचं फिनोबार्बिटोन आता सहसा देत नाहीत.

मात्र हे वाचून आज रात्रीचा डोस चुकवू नका. हात जोडून सांगते. हे औषध एकदम बंद केलं तर त्या बंद करण्यानेच मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे जा आणि विचारा, "याची अजून गरज आहे का, नसेल तर किती आठवड्यांत उतरवायचं?" त्यांनी तेव्हा दिलं त्यालाही कारण होतं, पंचवीस मिनिटांची फिट पाहून गावाकडे परत जाणाऱ्या मुलाला काहीतरी संरक्षण द्यावंसं कुणालाही वाटेल. ईईजी आणि एमआरआय पाहून ते उतरवता येईल असा माझा अंदाज आहे. औषध निघाल्यावर दोन-तीन महिन्यांत झोप आणि चिडचिड यांत फरक पडतो का, यावरून वागण्यातला औषधाचा वाटा किती ते कळेल.

सगळा दोष औषधावरही नको. ज्या मुलांना खरी अपस्मार म्हणजे मिरगी असते, त्यांच्यात अतिचंचलपणा आणि लक्ष न लागणं इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. बऱ्याचदा ते पहिली फिट दिसायच्या आधीपासूनच असतं. म्हणजे फिटमुळे वागणं बिघडलं असं नसून, एकाच मुळातून दोन कोंब फुटलेले असतात. तुमच्या मुलात असं काही आहे का, हे नीट विकास-चाचणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाने तीन-चार शब्दांची वाक्यं बोलायला हवीत. दोन शब्द जोडणं हे साधारण दोन वर्षांचं काम. तो दीड वर्ष मागे आहे. ही वाट पाहण्याची वेळ नाही. आधी कान तपासा, अगदी "त्याला ऐकू येतं हो" अशी खात्री असली तरी. नावाने हाक मारल्यावर वळतो का, चंद्र किंवा बस बोटाने दाखवतो का, खोटा-खोटा चहा पितो का, हे लिहून ठेवा. रक्तातलं लोह बघा. लोह कमी असलेल्या मुलांत तापाच्या फिटही जास्त दिसतात आणि किरकिर, झोप बिघडणंही. शिवाय फिनोबार्बिटोन दीड वर्ष चाललंय तर ड जीवनसत्त्वही पाहावं.

राहिली घरातली भीती, आणि हिचा वाटा मला कमी वाटत नाही. "त्याला रडवू नका, फिट येईल." हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकते. त्या भीतीने मग हट्ट पुरवला जातो, मारलं तरी कुणी अडवत नाही, रडायला लागला की हातात मोबाईल. दीड वर्ष असं चाललं की कुठलंही धडधाकट मूल चावायला शिकेल, आणि मोबाईलपुढे बसलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही म्हणून त्याचं बोलणंही मागे पडतं. रडण्याने तापाची फिट येत नाही. काही मुलं रडता-रडता श्वास धरून निळी पडतात, ती गोष्ट वेगळी, तीही मेंदूला इजा करत नाही. तेव्हा तुमच्या लेकीला मारलं की त्याचा हात धरा, दोन शब्दांत "मारायचं नाही" म्हणा आणि तिला जवळ घ्या. तिनेही हे सगळं पाहिलंय. गाडीत तीही होती का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिला एकदा विचारा.

शाळेचं म्हणाल तर अंगणवाडीत आत्ताच पाठवा. मुलांत राहून भाषा येते तशी घरात येत नाही. सेविकेला सांगून ठेवा: फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा द्यायचा आणि गाडी काढायची. हा फवारा वजनाप्रमाणे किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एक घरात, एक अंगणवाडीत ठेवा. तुमच्या गावापासून इथे यायला तास-दीड तास जातो, म्हणून तुमच्यासाठी तो चैनीचा नाही. तिसऱ्या फिटच्या वेळी तो हाताशी असता तर ती बहुधा गाडी फाट्यावर यायच्या आत थांबली असती.

अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांना तपासणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या यादीत फिटही आहे आणि बोलायला उशीर होणंही. ते पुढे पाठवतील तो कागद घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. कानांची तपासणी आणि स्पीच थेरपी खासगीत परवडत नसेल तर सुरुवात तिथून करा. येताना तिन्ही फिटच्या तारखा, तेव्हाचा ताप, फिनोबार्बिटोनची बाटली आणि तो घरात खेळतानाचा, बहिणीशी भांडतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ आणा. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा, म्हणजे ईईजीच्या वेळी झोप लागेल. केसांना तेल लावू नका.